भावी महापौर, मुक्काम नजमा

जर्मनीतल्या एका लहान शहराच्या नगरपालिकेत आज एक निवृत्त पोलीस अधिकारी नगरसेवक म्हणून बसतो. महिन्यातून एकदा सभा, समोर कागदांचा गठ्ठा, आणि वादाचे विषय म्हणजे सायकलचा रस्ता कुठून न्यायचा आणि पोहण्याचा तलाव कधी दुरुस्त करायचा. हे सगळं ते मला दर पंधरा दिवसांनी फोनवर सविस्तर सांगतात आणि मीही सविस्तर ऐकतो. त्या माणसाला मी सव्वादोन वर्षं दोह्याहून अल खोरला आणि अल खोरहून दोह्याला नेलं-आणलं आहे. त्यांच्या राजकारणाला माझाही हात लागला. तो चांगला लागला की वाईट, हे तुम्ही ठरवा.

मी कऱ्हाडकडचा. धंद्यानं ड्रायव्हर आणि स्वभावानं अतिशहाणा, असं माझी बायको सांगते. कतारला येण्याआधी मी गावात दोन पक्षांची पोस्टरं चिकटवली, एकाच निवडणुकीत, त्यामुळं राजकारण आपल्याला आतून-बाहेरून कळतं असा माझा समज होता. इथं दोह्यातल्या नजमा भागात आम्ही सहा जण एका खोलीत राहतो. त्यातले सगळ्यात वडील म्हणजे रत्नागिरीचे चाचा, सूक वाकिफ या जुन्या बाजारात मसाल्याच्या दुकानात हिशेबनीस. त्यांच्या खालोखाल तोंडाळ म्हणजे परभणीचा इलेक्ट्रिशियन. बाकीचे तिघे गरीब आहेत, त्यांना मी यात ओढत नाही.

साहेब आले ते स्टेडियमवरच्या सुरक्षा रक्षकांना शिकवायला. गर्दी कशी हलवायची, दार कधी उघडायचं, ओरडायचं कधी आणि गप्प कधी बसायचं. कंपनीनं मला त्यांच्याकडं दिलं. पहिल्या दिवशी मी मागचं दार उघडून अदबीनं उभा राहिलो. ते पुढचं दार स्वतः उघडून माझ्या शेजारी बसले, पट्टा लावला आणि माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, काही चुकलं. मग कळलं की माझा पट्टा लागायची वाट बघतायत.

अल खोरचा रस्ता लांब आणि सरळ. दोहा संपलं की बघण्यासारखं काही उरत नाही, त्यामुळं माणसं बोलतात. आमचं बोलणं इंग्रजीत. त्यांचं इंग्रजी कडक इस्त्रीचं, माझं उशीखाली ठेवून सरळ केलेलं. तरी दोन वर्षांत त्यांचं सगळं आयुष्य माझ्या गाडीत सांगून झालं. वडील बेकरीवाले. पहाटे उठून पाव भाजायचा कंटाळा म्हणून हे अठराव्या वर्षी पोलिसात गेले, आणि तिथं पहिली ड्यूटी पहाटेची लागली. सुरुवातीला दंगल आणि फुटबॉलच्या बंदोबस्ताला, मग आपल्याच शहरात गस्तीवर. गणवेश आधी हिरवा होता, मग सरकारनं निळा केला; हिरव्याबद्दल ते अजून हळहळतात. शेवटी त्याच शहरातल्या छोट्या ठाण्याचे प्रमुख झाले. चोऱ्या कमी, भांडणं जास्त. त्यांचा हातखंडा म्हणजे जबाब घेणं. मारायचं नाही, दरडावायचं नाही. समोरच्याला बसवायचं, काही प्यायला द्यायचं, आणि थांबायचं.

राजकारणाचं खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं, तेही त्यांनी सांगितलं. शाळेजवळच्या एका वळणावर वारंवार अपघात व्हायचे. ठाण्याचे प्रमुख म्हणून त्यांनी नगरपालिकेला अहवालावर अहवाल पाठवले. प्रत्येकाची पोच मिळाली, वळण तसंच राहिलं. निवृत्त झाल्यावर त्यांना वाटलं, अहवाल लिहिण्यापेक्षा अहवाल जिथं पोचतात तिथं जाऊन बसावं. हे ऐकून मी रस्त्यावरची नजर काढून त्यांच्याकडं बघितलं, आणि त्यांनी बोटानं मला परत रस्ता दाखवला.

त्यांच्याबद्दल मला आदर वाटू लागला तो मात्र एका ओरखड्यामुळं. एकदा गाडी मागं घेताना मी खांबाला घासली. साहेब त्या वेळी मला इथल्या ससाण्यांच्या इस्पितळाबद्दल काहीतरी सांगत होते. मी लगेच कंपनीला सांगायला गोष्ट रचली, की उभ्या गाडीला कुणीतरी ठोकून पळालं. साहेबांनी ऐकून घेतलं, आणि कंपनीचा फॉर्म माझ्या हातातून घेऊन स्वतः भरला. त्यात लिहिलं: ड्रायव्हरनं गाडी मागं घेताना खांबाला लावली, त्या वेळी मी त्याच्याशी बोलत होतो, निम्मी चूक माझी. मी दोन दिवस त्यांच्याशी नीट बोललो नाही. आपल्याला अडकवलं असंच वाटत होतं. मॅनेजरनं फॉर्म वाचला, मान हलवली, आणि मला एका शब्दानं बोलला नाही. मग माझ्या लक्षात आलं, की या माणसानं माझी चूक लपवली नाही आणि तिच्यावर चिमूटभर चढवलीही नाही. असा माणूस मी आधी बघितला नव्हता.

एका सकाळी त्यांनी हळूच सांगितलं, की गावाकडच्या पक्षातल्या काही लोकांनी त्यांना महापौरपदासाठी उभं राहायला सांगितलंय. अजून एक जण इच्छुक आहे. पक्षाचे सभासद एका हॉलमध्ये जमतील, दोघांची भाषणं ऐकतील आणि चिठ्ठ्या टाकून एकाला निवडतील. तोपर्यंत कुठं बोलायचं नाही.

“म्हणजे तिकीट वरून येत नाही?” मी विचारलं.

“वरून म्हणजे कुठून?”

याचं उत्तर देता देता अल खोर आलं. त्या दिवसापासून मी त्यांचा राजकीय सल्लागार झालो. मी त्यांना सांगितलं, लग्न चुकवायचं नाही, बारसं चुकवायचं नाही, दहाव्याला तर सगळ्यात आधी पोचायचं. ते म्हणाले, त्यांच्याकडं उमेदवार शनिवारच्या बाजारात छत्री लावून उभा राहतो आणि लोकांना पेनं वाटतो. मी म्हटलं, पेनावर कोण मत देतं. ते म्हणाले, पेनावर नाही देत, पण उभा राहिला नाही तर अजिबात देत नाहीत. असा आमचा अभ्यास चालू होता. त्या दिवसांत मला फार बरं वाटायचं.

आता माझी करणी. साहेबांचा वाढदिवस शनिवारी होता. आम्हा सहाही जणांना एकत्र सुट्टी शुक्रवारचीच, म्हणून शुक्रवारी दुपारी त्यांना खोलीवर जेवायला बोलावलं. चाचांनी आदल्या दिवसापासून तयारी धरली. “तुजो साहेब तिखट खाईल काय रे?” असं ते मला चारदा विचारून गेले आणि चारही वेळा मी होय म्हटलं. सांदणं, मटण, आणि माझ्या हातचा तांबडा रस्सा. मी मात्र वेगळ्याच कामात होतो. आमच्या गल्लीत छपाईचं दुकान आहे. तिथं बसून मी फ्लेक्स करून घेतला.

महाराष्ट्रातल्या माणसाला फ्लेक्स समजावून सांगायची गरज नाही. मधोमध साहेबांचा मोठा फोटो, हात जोडलेला. त्यांनी आयुष्यात कधी हात जोडले नव्हते, दुकानदारानं दुसऱ्याचे जोडले. वर मोठ्या अक्षरात ‘भावी महापौर’. शहर लहान होतं, खरं तर नगराध्यक्ष म्हणायला हवं होतं, पण ते फारच घरगुती वाटत होतं. खाली तेच जर्मनमध्ये, मोबाईलवरून भाषांतर करून. आणि तळाला ‘शुभेच्छुक’ म्हणून आम्हा सहा जणांचे गोल फोटो. माझा सगळ्यात मोठा, काळा गॉगल, कानाला मोबाईल.

साहेब वेळेच्या पाच मिनिटं आधी आले. स्वतःच्या वाढदिवसाचा केक स्वतः घेऊन आले होते, त्यांच्यात तशीच पद्धत. दार उघडलं, समोरच्या भिंतीवर फ्लेक्स. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. त्यांचा चेहरा मी ओळखायला लागलो होतो, आणि तो काही खुश झालेला चेहरा नव्हता.

“पहिली गोष्ट, वाढदिवस उद्या आहे,” ते म्हणाले. “आमच्याकडं आधी शुभेच्छा दिल्या तर अपशकुन मानतात.”

“आणि दुसरी?” परभणीकरानं विचारलं.

“दुसरी गोष्ट खाली जर्मनमध्ये लिहिलीय, आणि ती अजून कुठं बोलायची नव्हती.” मग ते हसले, जोडे काढले आणि सतरंजीवर बसले. रश्श्यानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण वाटी त्यांनी पुसून ठेवली. चाचा तर त्यांच्यावर लट्टूच झाले. तिघा गरिबांनी गाणी म्हटली. जाताना साहेब मला दारात म्हणाले, “हा कागद या भिंतीवरच राहू दे.”

मी हो म्हटलं. पण त्याआधीच मी त्या फ्लेक्सचा फोटो मोबाईलच्या स्टेटसवर टाकलेला होता. इथं लपवाछपवी करत नाही: तो चुकून गेला नव्हता. मी साहेब यायच्या आत टाकला, सगळ्यांना दिसेल असा टाकला, आणि कारण माझा मेव्हणा. गावातल्या चौकात असा एक फ्लेक्स नाही ज्यावर माझा मेव्हणा नाही. ‘युवा नेते’ म्हणून तो कोपऱ्यात असतोच, आणि मला चारचौघांत ‘आमचे दाजी, तिकडं ड्रायव्हर आहेत’ असं म्हणतो. त्याला एकदा दिसू दे, म्हटलं, दाजी कुणाच्या शेजारी छापले जातात ते. त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. लग्न झाल्यापासून स्वतःहून पहिला. “दाजी, लई मोठं काम चाललंय तुमचं तिकडं,” म्हणाला. मला इतका आनंद झाला की दोन वेळा जेवलो.

कंपनीत दुसरा एक जर्मन इंजिनियर होता. कधीमधी मी त्यालाही विमानतळावर सोडायचो, म्हणून माझा नंबर त्याच्याकडं होता. त्यानं स्टेटस बघितलं, गंमत वाटली म्हणून गावाकडच्या एका मित्राला पाठवलं. मित्र साहेबांच्या शेजारच्या गावचा निघाला. पुढच्या बुधवारी साहेबांच्या शहरातल्या पेपरात तो फ्लेक्स आला, माझ्या गॉगलसकट. सभासदांनी अजून चिठ्ठ्या टाकल्या नाहीत आणि हे गृहस्थ वाळवंटात स्वतःला महापौर म्हणवून घेतायत, असा मजकूर होता.

गाडीत असतानाच त्यांच्या बायकोचा फोन आला. जर्मन मला येत नाही, पण फोन कशाबद्दल आहे ते मला तिसऱ्या मिनिटाला कळलं. फोन ठेवून त्यांनी पेपरात काय आलंय ते मला सांगितलं. मग म्हणाले, “अल खोरला एखाद्या कॅफेटेरियाजवळ थांब.”

इथं कॅफेटेरियासमोर गाडी लावून हॉर्न दिला की चहा गाडीत येतो. दोन कप करक आले, इथला आटवलेल्या दुधाचा चहा. साहेबांनी खिशातली छोटी वही काढली. “सभेत मला याचं उत्तर द्यावं लागेल,” ते म्हणाले. “तुझा जबाब हवा. तीन वाक्यांत सांग. वाक्यं वाढली की माणूस सजवायला लागतो.”

 पहिलं वाक्य सरळ निघालं. मी या साहेबांना दोन वर्षं ओळखतो आणि जे जसं घडलं तसंच ते सांगतात. दुसरंही निघालं. हे महापौर व्हावेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून मी त्यांना न विचारता फ्लेक्स छापला. आमच्याकडं ‘भावी’ हा शब्द कुणालाही लावतात, पण मी आयुष्यात पहिल्यांदा तो खरंच वाटून लावला होता. मग तिसऱ्याला मी अडलो. मेव्हणा तोंडावर आला होता. मी म्हटलं, “फोटो मी खोलीतल्या मित्रांसाठी काढला होता, तो बाहेर चुकून गेला.”

त्यांनी ते शब्दशः लिहिलं, मला वाचून दाखवलं, मी सही केली. त्यांनी चहा संपवला आणि इथल्या भाषेत म्हणाले, “यल्ला,” म्हणजे चला.

तीन आठवड्यांनी ते सभेसाठी रजेवर गेले. ते तीन आठवडे आणि त्यानंतरचे सहा दिवस मला अन्न गोड लागलं नाही. चाचांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “मग आता साहेबाक पण सांग. माका सांगून काय उपेग?” मी म्हटलं, आता सांगितलं तर सभेआधीच त्यांचा धीर सुटेल. ते खरं नव्हतं. मला भीती वाटत होती, की ते माझ्या शेजारी बसायचे बंद होतील. मी स्वतःला समजावत होतो, की तिसरं वाक्य त्यांच्या फायद्याचंच आहे. चुकून गेला म्हटलं की विषय मिटतो.

विमानतळावर घ्यायला मीच गेलो. ते हसत बाहेर आले, बॅग डिकीत टाकली, पुढं येऊन बसले.

“तिकीट मिळालं नाही,” पट्टा लावता लावता म्हणाले. “दुसऱ्याला मिळालं. थोडक्यात गेलं.”

पण त्यांचं नाव पक्षाच्या नगरसेवकपदाच्या उमेदवारांच्या यादीत घेतलं होतं, आणि त्याचंच त्यांना कौतुक वाटत होतं. नगरसेवकांपुढंच त्या शाळेजवळच्या वळणाचा विषय येतो, म्हणाले, महापौराला तर नुसत्या फिती कापाव्या लागतात. आमच्या खोलीसाठी त्यांनी काळ्या पावाचा भलामोठा ठोकळा आणला होता. मी विचारलं, सभेत माझा जबाब वाचला का. वाचला, म्हणाले. लोक हसले, मग शांत झाले. एक म्हातारी बाई म्हणाली, आपल्याबद्दल असं लेखी कुणी दिलंय का कधी. मग मागून एकानं विचारलं, की फोटो बाहेर कुणी सोडला, तुम्हीच तर नाही ना. तेव्हा साहेबांनी उत्तर दिलं, “मी सोडला नाही, आणि कसा सुटला ते मला सांगता येत नाही.”

“सांगता येत नाही?” मी म्हटलं. “पण जबाबात होतं की.”

 त्यांची इमारत आली होती, ते बॅग घेऊन उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अल खोरला पोचल्यावर मी न विचारता त्याच कॅफेटेरियासमोर गाडी लावली. हॉर्न दिला नाही. म्हटलं, “सर, जबाब बदलायचा आहे.”

त्यांनी वही काढली आणि ते पान उघडलं. पहिल्या दोन वाक्यांखाली त्यांचं जर्मन भाषांतर होतं. तिसऱ्याखाली काही नव्हतं. त्याच्यावरून पेन्सिलीची एक बारीक आडवी रेघ मारलेली होती, आणि शेजारी तारीख. मी सही केली त्या दिवसाची.

“त्याच दिवशी?” मी विचारलं.

“पहिली दोन वाक्यं तू मला सांगितलीस,” ते म्हणाले. “तिसरं चहाच्या कपाला.”

“मग तेव्हाच का बोलला नाहीत?”

“जबाब तुझा होता. बदलायचा तर तूच बदलायचा.”

“आणि ते तिसरं वाक्य सभेत वाचलं असतं तर तिकीट मिळालं असतं.”

“बहुतेक मिळालं असतं,” ते म्हणाले. “पण ते खोटं आहे हे मला माहीत होतं.” हे त्यांनी अशा सुरात सांगितलं, जसं आज हवा दमट आहे असं सांगावं. मला मान वर करता येईना. शरम वाटली, आणि खरं सांगतो, त्याहून जास्त माया वाटली. माझ्या एका फुशारकीपायी हा माणूस हरला होता, आणि हरायचं त्यानं डोळे उघडे ठेवून ठरवलं होतं.

“आता सांग,” ते म्हणाले. “फोटो का टाकलास?”

मी मेव्हण्याचं सगळं सांगितलं. चौक, युवा नेते, आमचे दाजी ड्रायव्हर आहेत, सगळं. ऐकता ऐकता त्यांचे खांदे हलायला लागले. शेवटी त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. हा मेव्हणा कधी निवडून आला का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अजून उभाच राहिला नाही, नुसता छापला जातो. त्यावर ते परत हसले. मग त्यांनी पेन घेतलं आणि रेघेखाली माझ्याच शब्दांत लिहिलं, की फोटो मी मुद्दाम टाकला, मेव्हण्याला दिसावा म्हणून. वही माझ्यापुढं धरली.

“आता हे कुणाला दाखवणार?” मी विचारलं. “सभा तर झाली.”

“कुणालाच नाही.”

“मग सही कशाला?”

“आता ते खरं आहे म्हणून,” ते म्हणाले.

मी सही केली.